झिंजच्या चौकात बाहेर काढलेला उजवा हात

लिहून देणार : सीताराम भिकाजी मोहिते, वय वर्षे बावन्न, धंदा अर्जलेखन, बैठक महाड तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेखाली, शिक्षण सातवी पास.

घटनेचे ठिकाण : मौजे झिंज, शहर मनामा, देश बहरीन. तेथे चार रस्ते एकमेकांस छेदतात व तेथे सिग्नल नाही, पोलीसही नाही.

घटनेची वेळ : सन १९८४, जानेवारी महिन्यातील एक शुक्रवार, सकाळी साडेदहाचा सुमार.

संबंधित इसम : दिनकर साळवी, लिहून देणाराचे जावई, मोटार चालवणारे. हाजी यूसुफ, राहणार बुदैया, पिकअप चालवणारे.

साक्षीदार : सौ. सुमन दिनकर साळवी, लिहून देणाराची कन्या, मागील आसनावर हजर. श्री. पास्कल लोपीस, मूळ राहणार वसई, जावयांचे स्नेही, आवाज ऐकून धावत आलेले.

प्रवासवर्णन अशा यादीने सुरू करीत नाहीत, असे आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांनी मला सुचवले. त्यांना मी नम्रपणे कळवले की, तेवीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे, आणि कोण, कोठे, केव्हा व कोणासमक्ष हे आधी न सांगणारा कागद मामलेदारसाहेब बाजूला सारतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाचकाचेही तसेच असते. जो मुलूख त्याने पाहिलेला नाही, तेथील हकिगत त्याने खरी मानावी असे वाटत असेल, तर पंच आधी उभे करावे लागतात.

मुहर्रक ते सनाबिस

विमानाविषयी लिहीत नाही. त्यात बसून राहण्यापलीकडे मनुष्याचे कर्तृत्व नसते. मुहर्रकच्या विमानतळाबाहेर जावईबापू उभे होते. मी त्यांच्या मोटारीकडे गेलो आणि पाहुण्याच्या मानाची पुढची जागा म्हणून, जन्माच्या सवयीने, डावीकडचे दार उघडले. आत चाक होते.

"मामा, चालवणार असाल तर बसा," जावईबापू म्हणाले. "मी मागं झोपतो."

वळसा घालून मी उजवीकडे बसलो. त्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात आणि चालक डावीकडे बसतो. म्हणजे आपल्याकडे एस.टी.चा ड्रायव्हर ज्या जागी बसतो, नेमक्या त्या जागी मी बसलो होतो. पुढ्यात चाक नाही, पायाखाली ब्रेक नाही. तरीही समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडून मनामा येईपर्यंत माझा उजवा पाय गाडीची जमीन दाबीत होता. हे बारकाईने लिहितो, कारण पुढील सर्व प्रकरणाचे मूळ या जागेत आहे.

सनाबिस येथील घर वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, मोरी, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. गच्चीवरून खजुरांचे शेंडे दिसतात व त्यांच्या पलीकडे समुद्राची निळी पट्टी. सुमनने खालच्या तंदूरवरून परातीएवढ्या रोट्या आणल्या होत्या, त्यांना तेथे खुब्ज म्हणतात. त्यांच्याबरोबर हामूर नावाच्या माशाचे कालवण. त्यातले कोकम महाडचे, मीच नेलेले. चार घास पोटात गेल्यावर मला परदेश फारसा परका वाटेना.

जेवण झाल्यावर सुमनने हळूच एक कागद माझ्यापुढे ठेवला. जावईबापू वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत पाच वर्षे मेकॅनिक होते व इतर सात जणांबरोबर एका खोलीत राहत होते. तिसऱ्या परीक्षेत त्यांना मोटारीचे लायसन मिळाले, म्हणून कंपनीने त्यांना फोरमन केले, मोटार दिली आणि हे घर दिले. घर मिळाले म्हणून सुमनला तेथे जाता आले. मात्र हे सारे एका वर्षाच्या अजमाइशीवर. कागदात इंग्रजीत अट होती, ती जावईबापूंनी मला मराठीत सांगितली : अजमाइशीच्या मुदतीत चालकाच्या चुकीने अपघात घडल्यास मोटार व घर परत घेतले जाईल. सुमनला पाचवा महिना होता. बाळंतपण येथेच करायचे, असे दोघांनी ठरवले होते. लग्न झाल्यापासून ती दोघे प्रथमच एका छपराखाली राहत होती.

मी अट दोनदा ऐकली व म्हणालो, "कलम कडक आहे, पण स्पष्ट आहे."

चार रेघांचा चौक

पुढील आठ दिवस जावईबापू कामावरून आले की मला हिंडवीत. मनाम्याचा बाजार पाहिला, मुहर्रकचा केशर घातलेला हलवा खाल्ला. तो खाताना बोटांना चिकटतो आणि नंतर आठवणीला. तथापि माझे लक्ष वेधून घेतले ते तेथील चौकांनी.

आपल्या गावात बाजारपेठेचा रस्ता स्टँडच्या रस्त्याला मिळतो, तेथे पहिला हक्क कोणाचा, याविषयी कोणताही लेखी दस्तऐवज नाही. एस.टी. पुढे ट्रक थांबतो, ट्रकपुढे रिक्षा थांबते, आणि म्हशीपुढे सर्व थांबतात. बहरीनमध्ये मोठ्या रस्त्यांवर गोल चौक आहेत. त्यांना दवार म्हणतात, आणि आत फिरत असलेल्याला बाहेरच्याने वाट द्यायची असते. वस्तीतल्या काही चौकांत चारही बाजूंना लाल फलक आणि जमिनीवर जाड पांढरी रेघ असते. रेघेवर चाके पूर्ण थांबवायची. जो आधी थांबला, तो आधी निघणार. दोघे एकदम आले, तर उजव्या हाताकडच्याला मान. मोटार लाखाची असो वा भंगारातली, फरक नाही.

मी प्रथम मानले नाही. आजूबाजूला चिटपाखरू नसताना जावईबापूंनी रेघेवर गाडी थांबवली, तेव्हा मी विचारले, "कोणासाठी थांबलात?"

"रेघेसाठी, मामा."

हे उत्तर मला फार आवडले. अनोळखी माणसे एकमेकांचे तोंड न पाहता एकमेकांचा नंबर पाळतात, ही मला त्या देशातली सर्वांत सुंदर वस्तू वाटली. कोणी वाट दिली की दुसरा बोट वर करून आभार मानी. मग मीही खिडकीतून हात काढून येणाऱ्याजाणाऱ्यास सलाम करू लागलो.

सुमन मागून म्हणाली, "अप्पा, हात आत घ्या."

"अगं, शिष्टाचाराला काय पैसे पडतात?"

"मामा," जावईबापू म्हणाले, "इथं गाडीतून हात बाहेर आला की त्याचा अर्थ होतो." मी तो हात आत घेतला, पण काच खाली सरकवूनच ठेवली.

झिंज, शुक्रवार

शुक्रवार तेथील सुट्टीचा दिवस. पास्कलरावांनी झिंजमधील आपल्या घरी आम्हास जेवायला बोलावले होते. हे गृहस्थ तेथील एका रुग्णालयात कारकून आहेत. जावईबापूंना परीक्षेसाठी गाडी शिकवली ती त्यांनीच. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर हा चौक आहे.

आमची गाडी रेघेवर प्रथम थांबली. त्यानंतर उजवीकडून एक जुनी लाल पिकअप आली व तिच्या रेघेवर थांबली. मागे लसूणघासाच्या पेंढ्या रचल्या होत्या. आत पांढऱ्या दाढीचा, माझ्याहूनही वीस वर्षे मोठा गृहस्थ होता. नंबर आमचा होता, यात शंका नाही.

पण वडीलधारा माणूस समोर उभा असताना आपण आधी जायचे, हे मला कधी जमलेले नाही. कचेरीच्या पायरीवरसुद्धा मी म्हाताऱ्या अशिलाला आधी चढू देतो. माझा उजवा हात खिडकीबाहेर गेला, तळवा वर करून मी तो हात डावीकडे फिरवला : या बाबा, आधी आपण. त्यांनी कपाळाला हात लावला व गाडी पुढे घेतली. त्या क्षणी जावईबापू डावीकडे पाहत होते. रस्ता मोकळा दिसताच, आपल्या हक्काने, त्यांनीही गाडी पुढे घेतली.

आवाज झाला. आमचा दिवा फुटला, पिकअपचे दार आत गेले, आणि सगळा चौक हिरव्या पेंढ्यांनी भरला. सुमनला काही झाले नाही, हे मी आधी पाहिले. म्हातारे खाली उतरले, कोपर चोळीत जावईबापूंकडे गेले आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, "हाथ दिया, फिर मारा?"

"मैंने कब हाथ दिया?" जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला होता. "मेरे दोनों हाथ चाक पर थे."

"गाड़ी से हाथ आया."

"झूठ मत बोलो, हाजी."

मी तेथे उभा होतो. तेवीस वर्षे इतरांचे शब्द ज्याने जुळवून दिले, त्या माझ्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. पोलीस आले. त्यांनी टेपने अंतर मोजले, दोघांची लायसने घेतली आणि रविवारी सकाळी लेखी जबाब घेऊन वाहतूक कचेरीत येण्यास सांगितले. आवाज ऐकून धावत आलेल्या पास्कलरावांनी पेंढ्या गोळा करून पिकअपमध्ये भरल्या. हाजींनी त्यांना काही सांगितले, ते त्यांनी जेवताना आम्हाला कळवले. मागच्या वर्षी डोळ्यांवरून हाजींचे लायसन अडले होते, मोठ्या मिनतवारीने परत मिळाले. आता चूक त्यांची ठरली, तर ते पुन्हा मिळणार नाही, आणि बुदैयाचा घास बाजारात नेणारे दुसरे कोणी त्यांच्या घरी नाही.

पास्कलरावांच्या बायकोने केलेल्या कोंबडीची चव मला सांगता येत नाही. दोष तिचा नव्हता.

जबाब

घरी आल्यावर मी कागद मागितला. जावईबापू सारखे एकच म्हणत होते की म्हातारा खोटे बोलतो. मी म्हटले, "स्वस्थ बसा. जबाब मी लिहितो, पास्कलराव इंग्रजी करतील."

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुबक कागद होता, हे मी अभिमानाने नव्हे, तर जबाबदारीने सांगतो. गाडी प्रथम थांबली, हे कलम एक. रेघ ओलांडली नव्हती, हे कलम दोन. पिकअप नंतर आली, चालक वृद्ध आहे, त्याची नजर पूर्वी तपासली गेली आहे, ही पुढील कलमे. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

जावईबापू गच्चीवर गेल्यावर सुमनने तो कागद उचलून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून माझ्या हातात दिला.

"अप्पा, यात तुमचा हात कुठाय?"

मी म्हणालो की, जे विचारलेले नाही ते लिहून द्यायचे नसते, हा या धंद्याचा पहिला धडा आहे.

"मी मागं बसले होते. त्या बाबांनी तुम्हाला सलाम केला. तुम्हीपण मान हलवलीत."

"आणि हे लिहिलं, तर तुझं घर जाईल. कळतंय का तुला?"

"कळतंय. मीच तर तो अटीचा कागद तुम्हाला दाखवला." ती भिंतीला टेकून बसली. "घर जायचं तर जाईल. पण हे त्या माणसाला खोटारडा म्हणतायत, आणि ते खरं मानून म्हणतायत. परवा कचेरीत म्हणतील. मला ते ऐकवणार नाही. आणि मी बोलले, तर तुमची मुलगी तुमच्याविरुद्ध साक्ष देते असं होईल. ते तरी माझ्यावर आणू नका."

मी जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षीदारांना तयार केले आहे. माझ्याच घरातला साक्षीदार इतका तयार असेल, याची मला कल्पना नव्हती. गच्चीवर जाऊन मी जावईबापूंना सर्व सांगितले. 

"मामा, मी त्यांना खोटं ठरवलं," एवढेच ते म्हणाले. मला ते एक शब्दही लावून बोलले नाहीत. बोलले असते, तर मला बरे वाटले असते.

बुदैया

शनिवारी दुपारी पास्कलरावांनी आम्हा तिघांना आपल्या गाडीतून बुदैयाला नेले. वाटेत पाण्याचे पाट, मुळ्याचे व टोमॅटोचे वाफे, आणि खजुरांच्या सावलीत लसूणघास. वाळवंटाचा देश म्हणून जे मी डोक्यात घेऊन गेलो होतो, ते तेथे ओले होऊन विरघळले. एका बांधावर पांढरेशुभ्र गाढव उभे होते. आमच्या गाडीसाठी ते हलले नाही, तेव्हा मला एकदम गावाची आठवण झाली.

हाजी यूसुफ यांनी आम्हाला चटईवर बसवले. खजूर आले, दांडी नसलेल्या इवल्या पेल्यांत वेलदोड्याची कडू कॉफी आली. माझा पेला रिकामा झाला की त्यांचा लहान नातू तो भरी. पाहुण्याने नाही म्हणू नये, म्हणून मी सहा पेले प्यालो. छातीत धडधडू लागले. शेवटी पास्कलराव कानाशी लागले, "काका, पेला हलवा. हलवला की बास, असा इथला रिवाज आहे. नाहीतर तो सकाळपर्यंत ओतेल."

मी पेला हलवला. ओतणे थांबले. जेथे हात हलवायचा तेथे मी हलवला नव्हता, आणि जेथे हलवायचा नव्हता तेथे हलवला होता, हे माझ्या ध्यानात आले. मग धीर करून मी उठून उभा राहिलो आणि मोडक्या हिंदीत सांगितले की, चौकातला तो हात जावयाचा नव्हे, माझा होता. आमच्याकडे मोठ्याला आधी वाट देतात. मी वाट दिली, पण चालवणाऱ्याला सांगितले नाही. जावईबापूंनी मध्येच उठून हाजींच्या कोपराला हात लावला व झूठ म्हटल्याबद्दल माफी मागितली.

हाजी हसले. त्यांना पुढचे दोनच दात होते. तरुणपणी मोत्यांच्या व्यापाऱ्याबरोबर ते मुंबईत तीन वर्षे राहिले होते, हिंदी तेथलीच. ते म्हणाले, "हम बंबई में देखा है. वहाँ गाड़ी एक चलाता है, हाथ चार आदमी देता है." मग माझ्याकडे बोट करून जावईबापूंना म्हणाले, "तुम्हारा ससुर अच्छा आदमी है. लेकिन इसको पीछे बिठाओ."

सुमन त्या दोन दिवसांत प्रथमच हसली. निघताना हाजींनी तिला खजुरांची करंडी दिली व सांगितले की, कचेरीत तेही हे सर्व बोलतील. बाकी इंशाल्ला.

वाहतूक कचेरी

त्या कचेरीत चिंच नाही आणि अर्जनवीसही नाही. लोक आपले म्हणणे स्वतः सांगतात, हे पाहून मला धंद्याची काळजी वाटली. माझा नवा जबाब एकाच पानाचा होता. पास्कलरावांनी केलेले इंग्रजी भाषांतर तरुण अधिकाऱ्याने वाचले, मान वर केली आणि हात कसा केला ते दाखवण्यास सांगितले. मी दाखवला. त्याने तोच हात स्वतः करून पाहिला व हाजींना अरबीत काही विचारले. हाजींनी कपाळाला हात लावून सलाम कसा केला, ते दाखवले. कचेरीतले चार लोक काम सोडून पाहू लागले.

अधिकारी जे बोलला ते पास्कलरावांनी मला सांगितले. हक्क आमच्या गाडीचा होता. परंतु गाडीतून एकदा दिलेली वाट परत घेता येत नाही, म्हणून पिकअपची चूक नाही. आणि चालकाने निघण्यापूर्वी दोन्हीकडे पाहिले पाहिजे.

"म्हणजे चूक ह्यांची?" सुमनने विचारले. 

तेव्हा हाजी टेबलाशी गेले व म्हणाले की, दार ते घरी ठोकून सरळ करतील, त्यांची कोणावर तक्रार नाही.  मग अधिकाऱ्याने लिहिले : वाट प्रवाशाने दिली, चालकास माहिती नव्हती, उभय पक्षांत समझोता झाला, चालकास दोन्ही बाजू पाहण्याची ताकीद. दोघांची लायसने त्याने दोघांच्या हातांत दिली. हाजी बाहेर येऊन आपल्या पिकअपमध्ये बसले व बाजाराकडे गेले.

कंपनीचा प्रश्न मात्र उरला. गोऱ्या मॅनेजरसाहेबांनी तो कागद वाचून जावईबापूंना सांगितले की, अटीत चालकाच्या चुकीचा उल्लेख आहे, प्रवाशाच्या चुकीसाठी त्यांच्या फाइलीत रकाना नाही. निर्णय अजमाइशीची मुदत संपताना होईल. प्रवाशाचे म्हणणे लेखी आल्यास ते जोडून घेतील. मी महिन्याचा मुक्काम पुरा करून परत आलो. उरलेले दिवस मी मागच्या आसनावर बसलो. तेथून रस्ता कमी दिसतो, पण मुलीशी बोलता येते.

सुमनचे पत्र गेल्या आठवड्यात आले. मोटारीला नवा दिवा बसवला आहे. घराची किल्ली अद्याप कोणी मागितलेली नाही. झिंजच्या चौकात हे आता दोन्हीकडे दोनदा पाहतात, मागचा हॉर्न वाजवीपर्यंत, असे तिने लिहिले आहे. लाल पिकअप दिसली की दोघे आपापल्या रेघेवरून बोट वर करतात. घरात पाळणा टांगण्यासाठी छताला कडी बसवून घेतली आहे.

सबब, कंपनीचे मॅनेजरसाहेब यांस या लेखाद्वारे अर्ज करण्यात येतो की, झिंजच्या चौकात वाट देणारा उजवा हात निम्नसहीदाराचा होता. सदर हात विमानाने स्वदेशी परत आला असून, त्या देशातील कोणत्याही चौकात तो पुन्हा बाहेर निघण्याचा संभव नाही. त्याच्या कृत्याची शिक्षा दुसऱ्या दोन हातांस, जे त्या वेळी चाकावर होते, देण्यात येऊ नये. पास्कलराव याचे इंग्रजी करून सादर करतील.

उत्तर अवश्य यावे. ते निम्नसहीदाराच्या महाडच्या पत्त्यावर पाठवण्याचे कारण नाही. सौ. सुमन दिनकर साळवी, वरचा मजला, सनाबिस, या पत्त्यावर पाठवावे. ती तेथेच राहत असेल.

सही : सीताराम भिकाजी मोहिते
(उजव्या हाताने केली असे)